कॅबखालचे रबर: पिकअप ट्रकच्या बॉडी बुशचा इतिहास

१/२५
जुन्या पिकअप ट्रकचा दरवाजा किंचित उचलून लावावा लागतो. खड्ड्यातून जाताना पायाखाली बोथट ‘धप्प’ ऐकू येते. कॅब आणि मागचा हौदा यांच्यातील फट वर रुंद, खाली अरुंद दिसू लागते. या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुधा एकच वस्तू असते: कॅब आणि चेसिस यांच्या मधला, मुठीएवढा रबरी बुश. तो घरच्या अंगणात बदलता येतो. मात्र त्याच्यामागचा इतिहास पाच खंडांत पसरलेला आहे आणि त्याचा काही भाग रक्ताने माखलेला आहे. #थ्रेड #इतिहास

२/२५
आधी रचना पाहू. पिकअप म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन वस्तू. खाली शिडीसारखी पोलादी चौकट, म्हणजेच चेसिस. इंजिन, धुरे आणि पाटे तिच्यावर बसवलेले असतात. वर माणसांची कॅब आणि मालाचा हौदा. ओबडधोबड जमिनीवर चेसिसला पीळ बसतो. कॅब तिच्यावर लोखंडाला लोखंड भिडवून आवळली, तर तो पीळ कॅबच्या पत्र्यात उतरतो आणि पत्रा सांध्यांशी तडकतो. म्हणून मध्ये रबर हवे. हौदा मात्र बहुतेक पिकअपमध्ये थेट चेसिसवरच आवळलेला असतो. रबराची सोय माणसांसाठी. मालाने धक्के सोसायचे.

३/२५
पण वाहन मुळात दोन तुकड्यांचे का? याचे उत्तर घोडागाडीच्या काळात सापडते. तेव्हा गाडीचा सांगाडा आणि वरची बैठक ही वेगवेगळ्या कारागिरांची कामे होती. मोटारी आल्या, तरी ही विभागणी टिकली. अनेक कंपन्या केवळ चेसिस विकत आणि ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून तिच्यावर लाकडी सांगाड्याची बॉडी चढवून घेई. लाकूड आणि पोलाद यांचा खडखडाट थांबवण्यासाठी मध्ये लाकूड, चामडे, नमदा किंवा जाड कापड यांच्या पट्ट्या घालत. आजच्या रबरी बुशाचे पूर्वज हेच.

४/२५
पिकअपचा जन्मही कारखान्याबाहेरचा. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. अमेरिकन शेतकऱ्यांनी तिचा मागचा भाग काढून तेथे लाकडी पेटी बसवली आणि दुधाच्या बरण्या, धान्याची पोती, डुकरेदेखील वाहिली. लोकांनी घरोघरी केलेली ही जोडणी अखेर कंपनीने उचलली. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’ जाहीर केली. किंमत २८१ डॉलर.

५/२५
हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी वापरणाऱ्याचे हात, नंतर कारखान्याचा साचा. मॉडेल टीचा मालक गाडी स्वतः उघडत असे. मागचे चाक उचलून, त्याला पट्टा जोडून तो लाकूड कापण्याचे यंत्र चालवी. सुटे भाग एकसारखे असल्यामुळे जुना काढून नवा बसवणे शक्य होते. जवळचे गॅरेज कित्येक मैल दूर असताना दुरुस्ती येणे ही चैन नव्हती. पीक बाजारात पोहोचणार की शेतातच कुजणार, हे अनेकदा तिच्यावर ठरत असे.

६/२५
पुढे प्रवासी मोटारींनी वेगळी वाट धरली. १९२२ च्या लान्चिया लॅम्ब्डाने आणि १९३४ च्या सित्रोएन त्राक्सियाँ आव्हाँने बॉडीलाच भार पेलायला लावले. स्वतंत्र चेसिस नाहीशी झाली. हळूहळू बहुतेक मोटारी याच पद्धतीच्या झाल्या. पिकअपने मात्र जुनी चौकट सोडली नाही. तिला जड माल वाहायचा होता, ओढायचा होता आणि एकाच चेसिसवर हौदा, सपाट फळी किंवा टाकी चढवण्याची सोय हवी होती. चौकट राहिली, म्हणून चौकट आणि कॅब यांच्यामधला बुशही राहिला.

७/२५
आता रबराकडे वळू. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील लोक सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी झाडाच्या चिकात एका वेलीचा रस मिसळून उसळणारे चेंडू बनवत. युरोपात पोहोचलेले कच्चे रबर मात्र निराशाजनक ठरले. उन्हाळ्यात ते चिकट होई, हिवाळ्यात कडक होऊन तडकत असे. अशा पदार्थाचा बुश जूनमध्ये पाघळला असता आणि जानेवारीत फुटला असता. यंत्राच्या कामी येण्याआधी रबराला ऋतूंपासून सोडवणे भाग होते.

८/२५
ते काम अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी केले. रबरात गंधक मिसळून तापवले की त्याच्या लांब रेणूंमध्ये गंधकाचे पूल तयार होतात. मग रबर दाबले तरी मूळ आकारात परतते आणि उष्णतेने सहजासहजी पाघळत नाही. गुडइयरला १८३९ च्या सुमारास ही क्रिया साधली. अमेरिकन पेटंट मिळाले १८४४ मध्ये. १८६० साली तो वारला, तेव्हा त्याच्या डोक्यावर मोठे कर्ज होते. आज प्रसिद्ध असलेली टायर कंपनी पुढे १८९८ मध्ये निघाली. तिच्याशी त्याचा संबंध फक्त नावापुरता.

९/२५
उपयोगी रबराची मागणी वाढली, पण उत्तम चिकाचे झाड ॲमेझॉनच्या खोऱ्यातच वाढत होते. १८७६ साली हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवल्या. उगवल्या त्यांपैकी तीन हजारांहूनही कमी. ती रोपे सिलोन आणि मलायाकडे गेली व आशियातील रबर मळ्यांचा पाया घातला गेला. पण मळ्यातील झाड चीक देण्याजोगे व्हायला वर्षे लागतात. दरम्यान १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. जगाला थांबायला सवड नव्हती.

१०/२५
ती घाई काँगोने भोगली. १८८५ पासून काँगो हे बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याचे जवळजवळ खासगी संस्थान होते. गावागावांवर जंगली वेलींचे रबर आणून देण्याची सक्ती झाली. पुरुष जंगलात जावेत म्हणून बायकांना ओलीस धरत. कोटा भरला नाही तर शिपाई येत आणि झाडलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब म्हणून तोडलेले हात सादर करत. १९०४ मध्ये मिशनरी ॲलिस सीली हॅरिस यांनी एका बापाचे छायाचित्र घेतले. तो आपल्या लहान मुलीच्या तोडलेल्या हात-पायाकडे पाहत बसला आहे.

११/२५
एडमंड मोरेल यांची लेखणी, रॉजर केसमेंट यांचा १९०४ चा अहवाल आणि अशी छायाचित्रे यांमुळे दबाव वाढत गेला. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावे लागले. तोवर आशियातील मळे चीक देऊ लागले होते. मलायातील मळ्यांवर दक्षिण भारतातून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने राबत होते. भारतात रबराची पहिली व्यापारी लागवड १९०२ मध्ये केरळात, पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे झाली. रबर स्वस्त झाले ते या सगळ्या श्रमांच्या पायावर.

१२/२५
रबर हाताशी आल्यावर अभियंत्यांनी ते टायरच्या पलीकडे नेले. १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीने प्लिमथ मोटारीत ‘फ्लोटिंग पॉवर’ ही व्यवस्था आणली. इंजिन चेसिसवर घट्ट न आवळता रबरी आधारांवर अशा जागी बसवले की त्याची थरथर रबरातच जिरावी. सित्रोएनने ही पद्धत परवाना घेऊन वापरली. कंप थांबवण्यासाठी लोखंड आणखी जाड करण्याची गरज उरली नाही. दोन लोखंडांच्या मध्ये नमते घेणारा पदार्थ ठेवणे पुरेसे होते. कॅबखालचा बुश याच विचाराचा.

१३/२५
मग युद्ध आले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा सुमारे ९० टक्के पुरवठा तुटला. त्याच महिन्यात अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन थांबवण्यात आले. टायरवर रेशनिंग आधीच सुरू झाले होते. वर्षअखेरीस देशभर ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. तिचा मुख्य हेतू टायरचे रबर वाचवणे हा होता.

१४/२५
जून १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी रेडिओवरून टाकाऊ रबर मागितले: जुने टायर, रेनकोट, बागेतील पाइप, बूट. पेट्रोल पंपांवर पौंडामागे एक सेंट मिळे. ढीग मोठे जमले, पण जुने रबर नव्याची बरोबरी करू शकत नव्हते. नवी मोटार मिळणार नाही आणि सुटा भागही दुर्मीळ, अशा काळात असलेली गाडी जगवणे हे घराघराचे काम झाले. मॉडेल टीच्या पिढीने हातात घेतलेला पाना युद्धाने पुढच्या पिढीच्याही हाती दिला.

१५/२५
सप्टेंबर १९४२ मध्ये बर्नार्ड बारूक यांच्या समितीने कृत्रिम रबराचे उत्पादन झपाट्याने वाढवण्याची शिफारस केली. ब्यूटाडाईन आणि स्टायरीन यांपासून बनणाऱ्या रबराला ‘गव्हर्नमेंट रबर-स्टायरीन’ असे नाव मिळाले. स्पर्धक कंपन्यांनी आपले तांत्रिक ज्ञान एकमेकींना खुले केले. १९४१ मध्ये या प्रकारच्या रबराचे वर्षभराचे उत्पादन अवघे २३१ टन होते. १९४५ मध्ये ते महिन्याला ७०,००० टनांवर गेले. झाडाशिवाय रबर शक्य झाले.

१६/२५
या रसायनाची दुसरी बाजू जर्मनीत आहे. ब्यूटाडाईन-स्टायरीन रबर मुळात तेथील आय. जी. फार्बेन या कंपनीने ‘ब्यूना-एस’ नावाने विकसित केले होते. त्यासाठी ऑशविट्झजवळ मोनोवित्झ येथे तिने प्रचंड कारखाना उभारायला घेतला आणि छळछावणीतील कैदी बांधकामाला जुंपले. १९४४ मध्ये तेथे दहा हजारांहून अधिक कैदी होते. इटालियन रसायनतज्ज्ञ आणि लेखक प्रीमो लेव्ही त्यांपैकीच एक. हजारो माणसे तेथे संपली. त्या कारखान्यातून कृत्रिम रबराचा एक तुकडाही कधी बाहेर पडला नाही.

१७/२५
युद्ध संपले आणि जानेवारी १९४८ मध्ये फोर्डने एफ-मालिकेचे पहिले ट्रक आणले. त्यांच्या कॅबवर दहा लाख डॉलर खर्च केल्याची कंपनीने जाहिरात केली. ‘मिलियन डॉलर कॅब’ हे नाव त्यातूनच पडले. तिच्या वैशिष्ट्यांत ‘लेव्हल ॲक्शन’ जोडणी होती: कॅब चेसिसवर थेट न आवळता रबर आणि हलते दुवे यांच्या आधारे बसवलेली, जेणेकरून चौकटीचा पीळ व थरथर आत पोहोचू नये. कॅबखालचे रबर आता जाहिरातीत मिरवण्याची गोष्ट झाली होती. शेतात राबणाऱ्या वाहनात चालकाच्या पाठीचा विचार होऊ लागला.

१८/२५
सर्वसाधारण बुश कसा असतो? चेसिसच्या कंसाला छिद्र असते. कंसाच्या वर एक रबरी गादी, खाली दुसरी, मध्ये पोलादी नळी आणि त्या सगळ्यांतून आरपार जाणारा बोल्ट. खाली रुंद वॉशर. दोन गाद्या असण्याला कारण आहे. रबर दाब उत्तम सोसते, ताण तितका सोसत नाही. कॅब खाली आदळली की वरची गादी दबते. वर उसळली की खालची. दोन्ही वेळा रबराला दाबच मिळतो. मधली नळी बोल्ट ठरावीक मर्यादेपलीकडे आवळू देत नाही, त्यामुळे रबर चिरडत नाही.

१९/२५
तरीही रबर म्हातारे होते. हवेतील ऑक्सिजन त्याला कडक करतो, ओझोन ताणलेल्या पृष्ठभागावर बारीक चिरा पाडतो, तेल त्याला फुगवते आणि वर्षानुवर्षांचा भार त्याला कायमचे बसके करतो. गंधकाने ऋतूंवर मात केली; काळावर नाही. बुश बसका झाला की कॅब काही मिलिमीटर खाली येते. दरवाजे घासतात. पुढचा बुश गेला असेल, तर रेडिएटरभोवतीचे कवच खाली येऊन पंख्याला लागू शकते. झीज व्हायचीच असेल, तर ती कॅबच्या पत्र्यात न होता बदलता येण्याजोग्या तुकड्यात व्हावी, हाच या रचनेचा हेतू.

२०/२५
आता घरची दुरुस्ती. तिचा क्रम जुन्या शेतकऱ्यालाही ओळखीचा वाटला असता. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी, चाकांना पुढून-मागून ओट लावावी, बॅटरीची ऋण तार सोडवावी. बोल्टवर गंज सोडवणारे तेल दोन-तीन दिवस आधीपासून मुरू द्यावे. खरा शत्रू रबर नसून गंज असतो. कॅबच्या तळाशी जोडलेला नट सुटून बोल्टबरोबर फिरू लागला, तर तासाभराचे काम दिवसावर जाते. ज्योतीने बोल्ट तापवण्याचा मोह टाळावा. रबर आणि इंधनाची नळी दोन्ही जवळच असतात.

२१/२५
कॅबची एकच बाजू एका वेळी उचलायची. त्या बाजूचे बोल्ट पूर्ण काढावेत. दुसऱ्या बाजूचे काही वेढे सैल करून जागीच ठेवावेत, म्हणजे कॅब सरकत नाही. जॅक आणि कॅब यांच्यामध्ये रुंद, जाड फळी ठेवावी, नाहीतर पत्रा आत जातो. सावकाश उचलताना स्टिअरिंगचा दांडा, रेडिएटरच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, गिअरचा दांडा आणि विजेच्या तारा यांवर लक्ष हवे. जुना बुश निघण्यापुरतीच उंची पुरे. आणि कॅब व चेसिस यांच्यामध्ये लाकडी ठोकळे बसवल्याशिवाय तेथे बोटे घालू नयेत. जॅक कधीही घसरू शकतो.

२२/२५
जुना बुश निघाला की कंस तारेच्या ब्रशने घासून रंगवावा. गंजलेल्या कंसावर नवा बुश बसवणे व्यर्थ. सर्व बोल्ट आधी हातानेच धरवावेत, कॅब खाली टेकवावी, मग माहितीपुस्तकात दिलेल्या जोराने मोजून आवळावे. बाजारात पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या रसायनाचे हे वंशज. ते तेलाला दाद देत नाहीत आणि अधिक टिकतात, पण सहसा अधिक कडक असल्याने थरथर आत सोडतात. टिकाऊपणा आणि आराम यांतील निवड मालकाची.

२३/२५
ती निवड मालकाच्या हाती राहणे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी ज्ञान छापावे लागले आणि कायदेही करावे लागले. ब्रिटनमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या मोटारीची दुरुस्ती-पुस्तिका काढून एका मोठ्या मालिकेची सुरुवात केली. पुढे मोटारींत संगणक शिरले आणि माहिती कंपन्यांकडे बंदिस्त होऊ लागली. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी प्रचंड बहुमताने कौल दिला की ती माहिती मालकांना व स्वतंत्र गॅरेजांनाही मिळाली पाहिजे. बुश बदलायला आजही संगणक लागत नाही. वाहनाच्या इतर अनेक भागांबाबत असे म्हणता येत नाही.

२४/२५
या कथेचा एक धागा महाराष्ट्रातूनही जातो. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्र अँड मोहम्मद’ कंपनीने, म्हणजे पुढच्या ‘महिंद्र अँड महिंद्र’ने, १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. युद्धातून आलेली ही गाडीही चेसिसवर बॉडी चढवलेलीच. आज घाटात भाजी आणि दूध वाहणारी बोलेरो पिकअप त्याच रचनेची आहे. गावोगावच्या गॅरेजांत ‘बॉडीचे रबर गेले’ हे वाक्य ऐकले की मिस्त्री खाली वाकून नेमका तोच बुश तपासतो.

२५/२५
इतिहासाच्या पुस्तकांत इंजिनांना आणि कारखानदारांना जागा मिळते. बुशाला मिळत नाही. पण या मुठीएवढ्या रबरात वेलीचा रस मिसळणारे मेक्सिकोतील कारागीर आहेत, काँगोतील तो बाप आहे, मलायातील तमिळ मजूर आहेत, मोनोवित्झचे कैदी आहेत आणि मॉडेल टीवर लाकडी पेटी ठोकणारा शेतकरीही आहे. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. गाडीखालून निघालेला जुना, चिरा पडलेला बुश भंगारात टाकण्यापूर्वी क्षणभर हातात धरून पाहावा. इतिहासाचा अभ्यास तेथूनही सुरू होऊ शकतो.